सागाचे अभ्यंग

दिवाळीच्या पहाटे अंगाला तेल का लावायचे, असा प्रश्न आपल्यापैकी फारच थोड्यांना पडत असेल. थंडीची चाहूल लागलेली असते, कातडी ओढू लागलेली असते, आणि घरातली वडीलधारी बाई वाटीत तेल कोमट करून बसलेली असते. एवढे कारण पुरते. कोकणच्या किनाऱ्यावर मात्र अभ्यंगाचा हा मान एकट्या माणसाला नाही. तिथे होडीलाही तेल लावतात. जूनच्या तोंडाला होड्या ओढून वर घ्यायच्या, त्यांच्यावर झापांचे छप्पर घालायचे, पावसाचा जोर ओसरला की फटी बुजवायच्या, लाकूड घासूनपुसून तेल पाजायचे, आणि नारळी पौर्णिमेला नारळ देऊन दर्याशी पुन्हा सोयरीक जोडायची, असा हा वार्षिक कुळाचार. नवीन होड्या आल्या, इंजिने आली, तरी जिथे लाकडी तारू उरले आहे तिथे हा कुळाचार चुकलेला नाही.

या तेलपाण्यात एक जुना वाद दडलेला आहे. तारवाच्या उघड्या अंगावर सागाचे काम असते: कठड्याची पट्टी, सुकाणूचा दांडा, कोठाराच्या तोंडावरचे झाकण, पायाखालचा तक्ता. ऊन, पाऊस आणि खारे पाणी यांचा मारा त्यावर बारा महिने चाललेला असतो. त्याला लावायचे काय? तेल, वार्निश, रंग, की काहीच नाही? वरवर पाहता हा सुताराचा प्रश्न आहे, आणि मी तर शाळेत इतिहास शिकवणारा मास्तर. पण इतिहास म्हणजे केवळ लढाया आणि तह नव्हेत. ज्या गलबतांवर त्या लढाया झाल्या, ती गलबते कुजली का नाहीत, हाही इतिहासच आहे.

प्रथम सागाची ओळख करून घेऊ. सागाच्या लाकडात तेलकट, राळेसारखे द्रव्य जन्मतःच मुरलेले असते. ताजा रंधा मारलेल्या सागावर हात फिरवला की तो किंचित मेणचट लागतो आणि चामड्यासारखा वास येतो, तो त्यामुळेच. त्यातले एक द्रव्य असे आहे की वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही; रसायनशास्त्राने त्याला टेक्टोक्विनोन असे नाव दिले आहे. शिवाय या लाकडात वाळूचा, म्हणजे सिलिकेचा अंश असतो. म्हणून सुताराच्या हत्याराची धार सागावर लवकर बोथट होते. ओले-सुके होताना साग फारसा फुगत नाही, आटत नाही. आणि जहाज बांधणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोठा गुण म्हणजे लोखंडी खिळ्याशी त्याचे वैर नाही. इंग्लंडातल्या ओक लाकडात जे आम्ल असते ते लोखंड खाते आणि खिळ्याभोवतीचे लाकूडही काळे पडून सैल होते. सागाचे तेल खिळ्याला उलट सांभाळून घेते.

म्हणजे कुजण्यापासून वाचण्यासाठी सागाला बाहेरच्या औषधाची फारशी गरज नाही. औषध तो पोटातच घेऊन आलेला आहे. त्याचा खरा वैरी आहे ऊन. लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवणारे लिग्निन नावाचे द्रव्य असते, ते उन्हाने फुटते. पाऊस ते धुऊन नेतो. आणि मागे राहिलेले तंतू रुपेरी करडे दिसू लागतात. बंदरातला जुना साग असा पिकलेला दिसतो. पाहणाऱ्याला वाटते, लाकूड गेले. पण तो करडेपणा एखाद्या पातळ सालीइतकाच असतो. वरून रंधा फिरवा, आत तोच मधाच्या रंगाचा साग हसत असतो.

आता जुन्या लोकांनी काय केले ते पाहू. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो या सागरांतून गेला. त्याने लिहून ठेवले आहे की इकडच्या जहाजांना डांबर मिळत नाही. त्याऐवजी लोक चुना आणि बारीक कुटलेला ताग एका झाडाच्या तेलात मळून तो लगदा जहाजाला थापतात. इराणी आखातातल्या होर्मुझच्या जहाजांना माशाचे तेल लावतात, हेही त्याने नोंदले आहे. ही दोन्ही औषधे आपल्या किनाऱ्यालाही अनोळखी नव्हती. चुना आणि तेल यांचा लगदा पाण्याखालच्या भागाला, म्हणजे शिंपल्यांनी आणि लाकूड पोखरणाऱ्या किड्यांनी घर करू नये म्हणून. आणि माशाचे तेल, विशेषतः मुशीच्या काळजाचे, पाण्यावरच्या भागाला. उंडीच्या बियांचे कडू तेल आणि पुढे काजूच्या टरफलाचे तेल हीही त्याच पंक्तीतली. या तेलांना वास असा की नवखा माणूस होडीत बसण्याआधी नाक धरील. पण त्यांचा एक गुण मोठा होता: ती लाकडात शिरत, वर कवच धरून बसत नसत. उन्हाने उडाली की पुन्हा लावायची. खरवडण्याचे काम नाही, जुन्या थरावर नवा थर चढवण्याची चिंता नाही.

त्यांच्यामागे एक शिस्तही होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचे प्रकरण आहे, ते शाळेतल्या मुलांना वाचून दाखवताना मी दोन जागी हमखास थांबतो. एक जागा लाकडाची. आरमाराला साग वगैरे लाकूड लागते, ते राज्यातल्या अरण्यातून परवानगीने तोडून आणावे; आंबा-फणसही उपयोगाचे खरे, पण त्यांना हात लावू नये, कारण रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात, असा तिथला आशय. दुसरी जागा पावसाळ्याची. पाऊस लागण्याच्या आधीच आरमार छावणीला आणावे, आणि छावणी दरसाल एकाच बंदरात न करता बदलून करावी, असे पंत सांगतात. लाकूड कोणते घ्यावे आणि त्याला विश्रांती केव्हा द्यावी, या दोन्ही गोष्टी राज्यकर्त्याच्या कागदावर आल्या होत्या. आंग्र्यांच्या काळी विजयदुर्गाजवळच्या वाघोटण खाडीत गिर्ये येथे खडकात खोदलेली गोदी होती, तिच्या खुणा आजही दिसतात. फेब्रुवारी 1756 मध्ये वॉटसन आणि क्लाईव्ह यांनी विजयदुर्ग घेतला तेव्हा आंग्र्यांचे आरमार तिथेच जळाले. खारे पाणी आणि ऊन पचवलेला साग आगीपुढे मात्र हरला.

त्याच सुमारास मुंबईत दुसरी एक परंपरा मूळ धरत होती. 1736 साली लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी कारागीर सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने कंपनीच्या गोदीत पिढ्यान्‌पिढ्या जहाजे बांधली. 1810 हे वर्ष या दृष्टीने मोठे बोलके आहे. त्या वर्षी जमशेटजी बमनजी वाडियांनी बांधलेले 'मिंडेन' हे सागाचे लढाऊ जहाज मुंबईत पाण्यात उतरले. त्याच वर्षी इंग्लंडात 'क्वीन शार्लट' हे शंभर तोफांचे भव्य जहाज उतरले. इंग्लंडातल्या त्या जहाजात वर्षभरातच बुरशी शिरली आणि समुद्रावर जाण्याआधीच त्याची मोठी डागडुजी करावी लागली. मुंबईची 'मिंडेन' पूर्वेच्या समुद्रांत राबली आणि 1861 साली हाँगकाँगला मोडीत निघाली. 1813 साली मुंबईतच उतरलेल्या 'कॉर्नवालिस'वर 1842 मध्ये चीनशी नानकिंगचा तह झाला. पुढे इंग्लंडात ती धक्का म्हणून वापरात आली आणि 1957 पर्यंत उभी होती. माणसाच्या हिशेबाने पाहिले तर सहा पिढ्या झाल्या.

पण या सर्वांत भाग्यवान ठरली ती 'ट्रिंकोमाली'. तिची कथाच मोठी नाट्यमय आहे. तिचे नकाशे इंग्लंडहून 'जावा' या जहाजातून निघाले, ते जहाज डिसेंबर 1812 मध्ये अमेरिकनांनी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ जिंकून नष्ट केले, आणि नकाशांची नवी प्रत यावी लागली. अखेर जमशेटजींच्या देखरेखीखाली मलबारी सागात ती उभी राहिली आणि 12 ऑक्टोबर 1817 रोजी मुंबईच्या पाण्यात उतरली. 1819 साली ती इंग्लंडात पोचली आणि लढाया संपलेल्या असल्यामुळे तिथे कित्येक वर्षे राखीव ठेवली गेली. राखीव जहाजांच्या डोलकाठ्या उतरवून त्यांच्यावर छप्पर घालण्याची तिथली रीत होती. आमच्या खाडीतल्या झापांच्या छपराची ही थोरली बहीणच म्हणायची! 1897 मध्ये ती भंगारात निघाली होती. एका जहाजप्रेमी गृहस्थाने ती विकत घेऊन 'फूद्रॉयाँ' या नावाने मुलांचे शिक्षणजहाज केले. 1990 ते 2001 या काळात इंग्लंडातल्या हार्टलपूल येथे तिचा जीर्णोद्धार झाला, जुने नाव परत मिळाले, आणि आजही ती तिथे पाण्यावर आहे. जीर्णोद्धारानंतरही तिच्यातले अर्ध्याहून अधिक लाकूड मूळचेच आहे.

मग या जहाजांच्या अंगाला काय लावत होते? अठराव्या शतकातल्या इंग्रजी आरमारात जहाजाची बाजू लाकडाच्याच रंगाची ठेवून तिला राळ, टर्पेंटाइन आणि तेल यांचे मिश्रण पाजण्याची चाल होती; पाण्यालगतच्या जाड पट्ट्यांना डांबर आणि काजळी. पुढे रंग आले. ट्रॅफल्गारच्या 1805 च्या लढाईत नेल्सनच्या जहाजांवर काळे आणि पिवळे पट्टे होते, आणि नंतर काळ्यावर पांढऱ्या पट्ट्याची पद्धत रूढ झाली. 'ट्रिंकोमाली' आज अशाच काळ्या-पांढऱ्या वेशात उभी आहे. रंग हा उन्हापुढे सर्वांत भक्कम पडदा, कारण त्यातून ऊन आत शिरतच नाही. पाण्याखालच्या भागाला तांब्याचे पत्रे असत. पायाखालचा तक्ता मात्र उघडाच. त्याला ना तेल, ना रंग. ओल्या तक्त्यावर पाय घसरला तर खलाशी थेट समुद्रात. म्हणून तो तक्ता खारे पाणी आणि वाळू टाकून, गुडघ्यांवर बसून, मऊ दगडाने घासून पांढरा ठेवत. या घासण्याचाही अतिरेक होत असे. स्वच्छतेच्या हौसेपायी तक्ताच झिजून पातळ होतो हे ध्यानात आल्यावर अमेरिकन आरमाराने 1931 साली ही चाल बंद केली. अति राबणाऱ्या सुनेच्या हातून पातेल्याचीच कल्हई जावी, तसला प्रकार.

वार्निशाची कथा आणखी निराळी. पारदर्शक, आरशासारख्या रोगणाची हौस जगाला लागली, तेव्हा त्यातला कडकपणा येत होता चंद्रुसातून. हा चंद्रूस म्हणजे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जमिनीतून खणून काढलेली प्राचीन झाडांची राळ. झांजिबारहून तो गलबतांनी मुंबईला येई, इथून पुढे युरोपात जाई, आणि तिकडे मुंबईच्याच नावाने ओळखला जाई. ज्या बंदरात सागाची जहाजे बांधली जात, त्याच बंदरातून त्यांना चकाकी देणारी राळही जावी, हा योग मला फार आवडतो. या राळेला जवसाच्या तेलात शिजवून वार्निश करीत. पुढे चीनमधल्या टुंग झाडाच्या बियांचे तेल आले. ते पाण्याला अधिक दाद न देणारे. 1907 च्या सुमारास बेकलंड यांनी बेकलाईट शोधून काढले आणि त्याच जातीच्या कृत्रिम राळा पुढे टुंग तेलाबरोबर वार्निशात आल्या. डोलकाठी वाऱ्यात वाकते, तिच्याबरोबर थरही वाकला पाहिजे. म्हणून अशा वार्निशात तेलाचे प्रमाण मुद्दाम जास्त ठेवतात. अलीकडे त्यात ऊन शोषून घेणारी द्रव्येही घालतात.

इतके करूनही सागाचे आणि वार्निशाचे मनापासून जमत नाही. सागाचे स्वतःचे तेल वार्निशाला नीट वाळू देत नाही आणि धरू देत नाही. म्हणून आधी पातळ द्रावणाने लाकूड पुसून घ्यावे लागते, पहिला हात पातळ करून द्यावा लागतो, मग घासत घासत सहा-आठ हात चढवावे लागतात. एवढा थाट केला की लाकूड असे दिसते की नजर हटत नाही. पण थर पारदर्शक, म्हणजे ऊन आत जाणारच. थराखालचे लाकूड सुटते, कुठेतरी केसाएवढी चीर पडते, पाणी आत शिरते, आणि आधी पांढरे, मग काळे डाग पडतात. आपल्याकडच्या उन्हात वर्षातून एक-दोनदा तरी वरचा हात द्यावाच लागतो. एक साल चुकले, तर पुढच्या साली सगळे खरवडून पुन्हा श्रीगणेशा.

तेलाचा मार्ग सोपा दिसतो, पण तोही फुकटचा नाही. जवसाचे तेल उन्हात काळवंडते आणि दमट हवेत त्यावर बुरशी धरते. बाजारात सागाचे तेल म्हणून जे डबे मिळतात त्यांत बहुधा जवसाचे किंवा टुंगाचेच तेल असते. सागाला पिळून काढलेले नव्हे. शिवाय ते दर दोन-चार महिन्यांनी पुन्हा लावावे लागते. काहीच न लावणे हा तिसरा मार्ग. त्यात खर्च नाही. पण लाकूड पिकलेले दिसणार हे पत्करावे लागते, आणि घासताना रेषेच्या आडवा, हलका हात ठेवावा लागतो, नाहीतर रेषेतला मऊ भाग झिजून खाचा पडतात. धुवायला समुद्राचेच पाणी बरे. खारेपणाने बुरशी दबते.

हा सगळा पुस्तकी हिशेब माझ्या डोक्यात होताच. तो पणाला लागलेला मी पाहिला तो अलीकडे. माझा एक जुना विद्यार्थी मुंबईची नोकरी सोडून गावी परत आला आणि आजोबांचा मचवा दुरुस्त करायला बसला. बंदरात आता बहुतेक होड्या फायबरच्या. असा लाकडी मचवा हा एवढाच. किल्ला पाहायला येणाऱ्या लोकांना त्यातून न्यायचे, कर्ज फेडायचे, असा त्याचा बेत. त्याला कठडा, झाकण, सुकाणू, सगळे आरशासारखे हवे होते. "गुरुजी, माणसं आधी फोटो बघतात, मग येतात," तो म्हणाला. शेजारी एक म्हातारे तांडेल बसले होते. जन्मभर त्यांनी या मचव्याचे सुकाणू धरलेले. ते म्हणाले, "चकचकीत केलंस तर दर वर्सा खरवडूचा लागतला. तुका जमतला?"

"आणि नाय केलंय तर?"

"तर पिकतला. माझ्या केसांसारखो."

मुलगा हसला, पण त्याचा चेहरा उतरला. हातात पैसे मोजके. गावातला शेवटचा होडीचा सुतार सत्तरीला आलेला, आणि त्याच्या हाताखाली कोणी नाही. एकदा चुकीचा बेत धरला, तर दोन वर्षांनी मचवा डागाळलेला दिसणार, गिऱ्हाईक तुटणार, आणि मग तो विकून फायबरची होडी घेण्यावाचून गत्यंतर नाही. वार्निश की तेल, या प्रश्नाच्या पोटात मचवा राहणार की जाणार, हा प्रश्न होता.

तिघांनी बसून तोडगा काढला. तो कुणा एकाच्या अकलेचा नव्हता. तीनशे वर्षांचा अनुभवच तो सांगत होता. जिथे पाय पडतो तिथे काही नको, नुसते खारे पाणी. जिथे हात पडतो, म्हणजे कठड्याला, तिथे तेल. ते बायकामुलेसुद्धा एका सकाळी लावू शकतात. आणि वार्निश फक्त जिथे नजर पडते तिथे: सुकाणूचा दांडा आणि नाळेजवळची नावाची पाटी. एवढेसे काम एका माणसाने दोन दिवसांत उरकावे आणि मचवा उभा असेल तेव्हा त्यावर कापडी खोळ घालावी. तांडेलांनी ते ऐकून फक्त मान हलवली आणि खोळ कुठे शिवून मिळेल ते सांगितले. होकाराची त्यांची तीच रीत.

गेला पावसाळा मचव्याने झापांखाली काढला आणि नारळी पौर्णिमेला तो पुन्हा पाण्यात उतरला. त्याचे पुढे काय होते ते कर्जाच्या हप्त्यांवर आणि पर्यटकांवर अवलंबून आहे. लाकडाच्या बाजूने मात्र अडचण नाही.

इतिहास चाळून मला जे उमगले ते एवढेच. सागाला काय लावावे, हे लाकूड पाहून ठरत नाही. दरसाल त्याच्याजवळ कोण येणार आहे, हे पाहून ठरते. आरमाराजवळ शेकडो खलाशी होते, त्यांना रोज तक्ता घासणे परवडले. श्रीमंताजवळ पगारी नोकर असतो, त्याला वार्निश शोभते. कोळ्याजवळ पावसाळ्याची सुटी आणि घरची चार माणसे होती, त्याने तेल निवडले. 'ट्रिंकोमाली' दोनशे वर्षे टिकली ती सागाच्या पुण्याईने खरी. पण 1897 मध्ये एक माणूस आणि 1990 मध्ये अनेक माणसे तिच्याजवळ आली नसती, तर त्या सागाचे केव्हाच सरपण झाले असते.

तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी मचवा नसेल. पण आजोबांच्या काळचा सागवानी झोपाळा असेल, ओटीवरचा दरवाजा असेल, निदान पाट तरी असेल. दिवाळीच्या साफसफाईत त्याच्यावर घाईघाईने रंगाचा हात मारू नका. आधी कोरड्या फडक्याने पुसा, करडेपणाखाली काय आहे ते पाहा, आणि दरसाल एक सकाळ त्याला देता येईल का, याचा घरात विचार करा. येत असेल तर तेलाची वाटी मुलांच्या हाती द्या. मोठ्यांनी फक्त शेजारी बसावे.